वाक्यातला कर्ता कोण?

बायबल हे एक पुस्तक नव्हे. तो पुस्तकांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, रोमन कॅथलिकांच्या बायबलात ७३ आहेत. त्यांत इतिहास आहे, कायदा आहे, वंशावळी आहेत, स्तोत्रे आहेत, म्हणी आहेत, पत्रेही आहेत. ती हिब्रू, ग्रीक आणि थोडी अरामी अशा तीन भाषांत लिहिली गेली, आणि पहिल्या व शेवटच्या लेखकांमध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे. एवढा पसारा समोर आला म्हणजे वाचकाला एखादा धागा हवासा वाटतो. तो ग्रंथात सापडला नाही, की वाचक आपल्याजवळचाच धागा काढून त्यात ही सारी पाने ओवू लागतो. असा एक धागा प्रत्येकाजवळ सदैव तयार असतो. तो म्हणजे ‘मी’.

‘ह्या पानावर माझ्यासाठी काय आहे?’ हा प्रश्न घेऊन बायबल उघडणारे पुष्कळ आहेत. कित्येक ख्रिस्ती घरांत वचनांच्या चिठ्ठ्यांची लहानशी पेटी असते. सकाळी त्यातली एक चिठ्ठी उचलायची, आणि तीवर जे असेल ते आजच्या दिवसाचे वचन मानायचे. कोणी डोळे मिटून पुस्तक उघडतो आणि बोट जिथे पडेल ती ओळ आपल्याला मिळालेले उत्तर समजतो. आपल्या कोकणात देवाला कौल लावतात, त्यातलाच हा प्रकार. ह्यामागे श्रद्धा असते, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. दुःखाच्या वेळी एका ओळीने धीर आलेली माणसे आहेत, आणि तो धीर खोटा होता असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु वाचण्याची हीच एक रीत ठरून गेली, म्हणजे ग्रंथ काय म्हणतो हे ऐकायचे राहून जाते, आणि आपल्याला काय ऐकायचे आहे तेवढेच ऐकू येते. ह्याचे परिणाम कधी कधी फार कठोर होतात. आजच्या भाषणात त्यांचाच थोडा विचार करू.

आपण शाळेत व्याकरण शिकलो. वाक्य समोर आले की आधी क्रियापद शोधा, मग ती क्रिया करणारा कोण ते विचारा, तो कर्ता. बायबल वाचताना हाच साधा प्रश्न विचारून पाहावा. पहिल्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय घ्या. त्यात ३१ वचने आहेत आणि मूळ हिब्रूत ‘देव’ हा शब्द त्यांत ३२ वेळा येतो. देव निर्माण करतो, बोलतो, पाहतो, वेगळे करतो, नाव देतो, आशीर्वाद देतो. मनुष्य येतो तो अध्यायाच्या शेवटी, आणि येतो तोही घडवला गेलेला म्हणून; म्हणजे व्याकरणाच्या भाषेत कर्म म्हणून. त्याचे महत्त्व थोडे नाही, त्याच्यावर सृष्टीची जबाबदारी सोपवली आहे. पण वाक्याचा कर्ता तो नव्हे. आपण मात्र वाचताना पुष्कळदा त्या कर्त्याला बाजूला सारून त्याच्या जागी बसतो.

दावीद आणि गल्याथ ह्यांची गोष्ट पाहा. बायबल कधी न उघडलेल्यांनाही ती ठाऊक असते. लहानसा मेंढपाळ गोफणीच्या एका दगडाने धिप्पाड योद्ध्याला लोळवतो. लागलीच आपण दावीद होतो, आणि आपली परीक्षा, आपले कर्ज, आपला प्रतिस्पर्धी हा गल्याथ होतो. धैर्य धरा, तुम्हीही जिंकाल, असे तात्पर्य निघते. आता मूळ प्रकरण सावकाश वाचा. दावीद लढण्यापूर्वी जे बोलतो त्यात स्वतःच्या धैर्याचा उल्लेख नाही. हे युद्ध देवाचे आहे, आणि इस्राएलात देव आहे हे साऱ्या पृथ्वीला कळावे म्हणून हे घडत आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. शिवाय ह्या गोष्टीत आणखी एक मंडळी आहे, ती आपण विसरतो. शौल राजाचे सैन्य चाळीस दिवस त्या खोऱ्यासमोर उभे आहे आणि रोज शत्रूचे आव्हान ऐकून भीतीने गारठते आहे. प्रामाणिकपणे विचारले, तर आपली जागा बहुधा त्या सैन्यात आहे. त्या दिवशी सैन्याला जो जय मिळाला तो त्याने कमावलेला नव्हता. दुसऱ्याच्या हातून त्याला तो मिळाला. गोष्ट अशी वाचली की गर्व उतरतो आणि कृतज्ञता येते. तात्पर्य नेमके उलटे होते.

याहून गंभीर उदाहरण यिर्मया संदेष्ट्याच्या पत्राचे आहे. ख्रिस्तपूर्व ५९७ साली बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याने यरुशलेम घेतले, आणि तिथला राजा, राजमाता, अधिकारी, कारागीर ह्यांना पकडून बाबेलला नेले. ह्या परागंदा लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून एक पत्र पाठवले. ते त्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. त्यात एक वचन असे आहे की, तुमच्याविषयी माझे संकल्प अनिष्टाचे नसून हिताचे आहेत आणि तुम्हांला आशेचा काळ दाखवावा असा माझा हेतू आहे, ह्या अर्थाचे देव बोलतो. हे वचन भिंतीवरच्या दिनदर्शिकांवर असते, शुभेच्छापत्रांवर असते, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाला आणि शस्त्रक्रियेला निघालेल्या रोग्याला ते सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

पण ते पत्र साऱ्याचे सारे वाचा. आधी काय लिहिले आहे? घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शत्रूच्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराचे कल्याण चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. का? तर सुटका सत्तर वर्षांनी होणार आहे. सत्तर वर्षे म्हणजे माणसाचे अख्खे आयुष्य झाले! इतिहासाच्या हिशेबानेही पाहा. इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले ते ख्रिस्तपूर्व ५३९ साली, आणि त्यानंतर यहूदी लोकांना परत जाण्याची मुभा मिळाली. ५९७ साली जो तिशीचा होता, तो तेव्हा ८८ वर्षांचा झाला असता. म्हणजे ज्यांच्या हाती ते पत्र पडले त्यांतले बहुतेक जण बाबेलमध्येच मेले आणि तिथल्याच मातीत गेले. मग ते वचन खोटे ठरले काय? नाही. ते एका माणसाच्या सोयीविषयी नव्हतेच. देव आपल्या लोकांना टाकून देणार नाही, त्याचा संकल्प एका पिढीच्या आयुष्यापेक्षा लांब आहे, असे ते सांगत होते.

इथे आपल्या मराठीचा एक उपयोग होतो. आजच्या इंग्रजीत एकाला आणि अनेकांना संबोधण्यासाठी एकच सर्वनाम आहे, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला ते वचन एकट्या आपल्यालाच उद्देशून आहे असे सहज वाटते. हिब्रूत तिथे स्पष्ट अनेकवचन आहे आणि मराठीतही ‘तुम्ही’ आहे. मात्र आपल्याकडे एक वेगळीच गंमत होते. ‘तुम्ही’ हे आपण आदरार्थीही वापरतो, तेव्हा वाचकाला वाटते की देव आपल्याला अदबीने बोलावतो आहे! तसे नव्हे. मराठी बायबलात देवाला ‘तू’ म्हणतात आणि देवही एकट्या माणसाशी बोलताना ‘तू’ म्हणतो. जिथे देव ‘तुम्ही’ म्हणतो तिथे समोर समाज उभा आहे, हे ध्यानात ठेवावे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले. १९२२ साली त्या वारल्या. साध्या बाईमाणसालाही वाचता यावे अशी मराठी त्यांना हवी होती. अशा भाषांतरामागे जर एवढे कष्ट आहेत, तर वाचणाऱ्याने निदान सर्वनामाकडे लक्ष द्यावे, एवढी अपेक्षा फार नाही.

यिर्मयाच्या काळी दुसराही एक संदेष्टा होता, हनन्या नावाचा. तो म्हणाला, दोन वर्षांच्या आत सारे परत येतील, मंदिराची लुटलेली भांडीसुद्धा परत येतील. लोकांना कोणाचे बोलणे गोड लागले असेल ते सांगावयास नको. लक्षात घ्या, हनन्यानेही देवाचेच नाव घेतले होते. त्याचेही वाक्य ‘देव असे म्हणतो’ असेच सुरू होत होते. म्हणजे देवाचे नाव ओठांवर असले की देव मध्यभागी आला, असे होत नाही. नाव देवाचे, आणि इच्छा ऐकणाऱ्यांची, असे चालते. बायबलात ह्यालाच खोटा संदेश म्हटले आहे.

आता हे इतके निकडीचे का, ते सांगतो. समजा, घरात कोणी अत्यवस्थ आहे. ते वचन त्याच्या उशाशी लिहून ठेवले आहे, आणि माणूस बरा झाला नाही. मग मागे राहिलेल्यांपुढे दोनच वाटा उरतात. एक, देवाने शब्द मोडला. दुसरी, आमचाच विश्वास कमी पडला. पहिलीने माणूस देवावर चिडतो; दुसरीने स्वतःला खातो. दुःखावर हा दुसरा घाव, आणि तो ग्रंथाने केलेला नसतो; ग्रंथाच्या वाचनाने केलेला असतो. जे वचन सत्तर वर्षांची वाट पाहणाऱ्यांना दिले होते, ते आपण सात दिवसांच्या हमीपत्रासारखे वापरले. त्याच पत्रातून त्या घराला खरे सांत्वन मिळू शकले असते. कारण मरणाने ज्यांची वाट अर्ध्यावर तुटली, त्यांनाही देव विसरत नाही, हेच तर ते पत्र सांगते.

हे झाले एका घराचे. समाज आणि राष्ट्रे जेव्हा ‘मी’ला मध्यभागी ठेवून हा ग्रंथ वाचतात, तेव्हा काय होते ह्याचे दाखले इतिहासात आहेत. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांतल्या आफ्रिकी गुलामांसाठी म्हणून बायबलातले निवडक भाग छापण्यात आले. त्यात योसेफ गुलाम म्हणून विकला गेला, ही कथा ठेवली होती. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर नेले, तो भाग मात्र गाळला होता! मालकांना अडचणीचे तेवढे कात्रीने कापले. आपण ह्या कृत्याला नावे ठेवतो, आणि ठेवलीच पाहिजेत. परंतु ती कात्री प्रत्येक वाचकाच्या हाती असते. आपण पाने कापीत नाही, नुसती उलटून पुढे जातो, एवढाच फरक.

दुसरा दाखला १९१४ सालचा. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्यावर ‘देव आमच्यासंगे’ अशा अर्थाची अक्षरे होती. त्या ऑक्टोबरात ९३ नामांकित जर्मन विद्वानांनी आपल्या देशाच्या युद्धाचे समर्थन करणारे पत्रक काढले. त्यांत मोठमोठे धर्मपंडितही होते. स्वित्झर्लंडमधल्या साफेनविल ह्या गावी कार्ल बार्थ नावाचा एक तरुण पाळक होता. त्याने त्या सह्यांत आपल्या गुरूंची नावे पाहिली आणि त्याला धक्का बसला. ज्यांनी आपल्याला बायबल शिकवले, ते आपल्या राष्ट्राचाच आवाज देवाचा समजून बसले, तर वाचण्यातच काही मूलभूत चूक असली पाहिजे, असे त्याला वाटले. तो पुन्हा मूळ ग्रंथाकडे वळला. १९१९ साली पौलाच्या रोमकरांस पत्रावरील त्याचे भाष्य प्रसिद्ध झाले, आणि १९२२ साली त्याने ते जवळजवळ नव्याने लिहिले. माणसाने देवाविषयी काय ठरवले आहे, हे शोधण्याऐवजी देव माणसाविषयी काय म्हणतो ते ऐका, हा त्याचा आग्रह होता. विसाव्या शतकातल्या ख्रिस्ती विचाराला त्या भाष्याने वळण दिले.

इथे कोणी विचारील, ‘अहो, मग माणसाने बायबलात स्वतःला शोधायचेच नाही काय? स्तोत्रांत तर पानोपानी ‘मी’ आहे. आणि त्या गुलामांनी मोशेच्या गोष्टीत स्वतःची सुटका पाहिली असती, तर तेही आत्मकेंद्रीच ठरले असते काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रथम मिसरमधून सुटकेची कथा घेऊ. त्या कथेचा कर्ता कोण? दास्यात कण्हणाऱ्यांचा आक्रोश देव ऐकतो, पाहतो, आणि उतरून येतो. गुलामाने ती कथा वाचून ‘देव माझे कण्हणे ऐकतो’ असे म्हटले, तर त्याने कर्त्याला हलवले नाही. स्वतःची खरी जागा ओळखली. आणि ह्याचा पुरावा पुढे मिळतो. त्याच पुस्तकात सुटलेल्या लोकांना बजावले आहे की, परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसरात परके होता. कथेच्या मध्यभागी ‘मी’ असता, तर सुटलेला गुलाम उद्या दुसऱ्याचा धनी व्हावयास मोकळा होता. मध्यभागी देव असल्यामुळे तो मोकळा नाही. सोडवणाऱ्याचा स्वभाव सुटलेल्यावर बंधन घालतो.

स्तोत्रांतही ‘मी’ आहे खरा. पण तो बहुतेक ठिकाणी देवासमोर उभा राहून बोलतो. तो रडतो, रागावतो, जाब विचारतो. त्र्याहत्तरावे स्तोत्र पाहा. दुष्टांचे चांगले चालले आहे आणि मी उगाच शुद्ध राहिलो, अशी तक्रार तो कवी करतो. तो देवाच्या मंदिरात जातो तेव्हा त्याची दृष्टी पालटते. त्याची परिस्थिती बदलल्याचे तिथे कुठेच लिहिलेले नाही. तो कुठून पाहतो ती जागा बदलली. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही क्रम असाच आहे. मत्तयाच्या पुस्तकातल्या पाठात आधी देवाचे नाव, देवाचे राज्य, देवाची इच्छा, भाकरी त्यानंतर. भाकरी वगळलेली नाही, बरे का! तिला जागा आहे, पण पहिली नाही. आणि ती भाकरीही एकट्याची नाही, ‘आमची’ आहे.

ह्या साऱ्याची कसोटी पाहावयाची तर दोन लहान जागा सांगतो. एक इयोबाचे पुस्तक. इयोब नीतिमान, त्याची मुले मरतात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. तो देवाला विचारतो, हे का? कितीतरी अध्याय वादात जातात. शेवटी देव बोलतो, आणि त्या ‘का’चे उत्तर देतच नाही. उलट तोच प्रश्न विचारू लागतो. त्यात एक प्रश्न असा आहे की, जिथे मनुष्यवस्ती नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? जरा विचार करा. ज्या पावसाचा कोणा माणसाला उपयोग नाही, जो कोणाच्या शेतावर पडत नाही, असा पाऊस देवाला महत्त्वाचा वाटतो. पावसाची वाट पाहण्यात ज्यांचा ज्येष्ठ जातो, त्या आपल्या शेतकऱ्याला ह्या प्रश्नाचा झणका चटकन कळेल. जग माझ्या शेताभोवती फिरत नाही, आणि तरीही त्या रानातल्या गवताची काळजी घेणारा मला विसरणार नाही. इयोबाला जे मिळाले ते हे.

दुसरी जागा योनाचे पुस्तक. अवघे चार अध्याय, ४८ वचने. आपल्याला त्यातला मासा तेवढा आठवतो. माशाचा उल्लेख मात्र फक्त तीन वचनांत आहे. खरी कथा पुढेच आहे. निनवे हे शत्रूचे शहर पश्चात्ताप करते आणि देव त्याला क्षमा करतो. त्यामुळे देवाचा हा संदेष्टाच रागावतो! डोक्यावर सावली धरणारी एक वेल वाळली म्हणून त्याला मरण बरे वाटते, पण एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसांचे शहर वाचले ह्याचा आनंद नाही. देव त्याला एक प्रश्न विचारतो, आणि पुस्तक त्या प्रश्नावरच संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. यहूदी लोक प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवशी, उपवासात, दुपारच्या प्रार्थनेला हे पुस्तक वाचतात. स्वतःला मध्यभागी ठेवणारा धार्मिक माणूस कसा दिसतो हे पाहावयास ह्याहून चांगला आरसा मिळणे कठीण.

तेव्हा ज्यांना हा ग्रंथ वाचावयाचा आहे, त्यांनी चार साध्या गोष्टी कराव्या. एक, सुटी ओळ घेऊ नये. निदान तो अध्याय सबंध वाचावा. दोन, हे कोणी कोणाला सांगितले आणि केव्हा, हे विचारावे. तीन, पेन्सिल हाती घेऊन क्रियापदे पाहावी आणि देव इथे काय करतो, त्यावरून त्याचा स्वभाव कोणता दिसतो, हे आधी लिहून काढावे. आणि चार, ह्यानंतरच ‘मग मी काय करावे?’ हा प्रश्न विचारावा. चौथा प्रश्न टाळावयाचा नाही. तो चौथाच ठेवावयाचा आहे, एवढेच.

जे श्रद्धाळू नाहीत, ज्यांना बायबल केवळ एक प्राचीन ग्रंथ म्हणून वाचावयाचे आहे, त्यांनाही हीच रीत उपयोगी पडेल. ज्या ग्रंथाने आपला नायक स्वतः ठरवून दिला आहे, तो त्या नायकासकट वाचणे हा वाचकाचा प्रामाणिकपणा आहे. आणि श्रद्धाळूंना एवढेच सांगावयाचे की, वचनांच्या पेटीतली चिठ्ठी उद्या सकाळी जरूर उचला; पण ती हाती आल्यावर पुस्तक उघडून तो सारा अध्याय वाचा. चिठ्ठीवर जेवढे लिहिले आहे, त्याहून पुष्कळ मोठे काहीतरी तिथे लिहिलेले असते.